राष्ट्राध्यक्ष भर बैठकीत डुलक्या घ्यायचे, लोक हसायचे. ते दुखणं होतं हे कळायला ९० वर्षं लागली

उन्हाळ्यात घाटंजीसारख्या गावात रात्री अंगणात बाजा पडतात. अकराच्या सुमारास सगळं शांत होतं आणि एका बाजेवरून आवाज सुरू होतो. आधी हळू, मग चढत जाणारा, लोहाराच्या भात्यासारखा. मग तो आवाज अचानक बंद पडतो. दहा सेकंद, पंधरा सेकंद काहीच नाही. मग एक जोराचा गचका आणि भाता पुन्हा चालू.

शेजारच्या बाजेवरची पोरं तोंड दाबून हसतात. सकाळी चहाच्या वेळी त्या माणसाची चेष्टा होते. काय डाराडूर झोप लागते म्हणून कौतुकही होतं. आणि तोच माणूस दुपारी दुकानाच्या गल्ल्यावर, यवतमाळच्या एसटीत, नाहीतर लग्नाच्या मांडवात पेंगत बसलेला दिसतो.

रात्रभर डाराडूर झोपलेल्या माणसाला दिवसा एवढी पेंग का यावी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी वॉशिंग्टनमध्येही तो कुणाला पडला नव्हता. तिथं पेंगणारा माणूस साधासुधा नव्हता. आधी तो अमेरिकेचा युद्धमंत्री होता, मग राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या दिमतीला देशातले सगळे डॉक्टर होते. तरीही त्याला नेमकं काय झालंय हे त्याच्या हयातीत कुणीच सांगू शकलं नाही.

त्याचं नाव विल्यम हॉवर्ड टाफ्ट. अमेरिकेचे २७ वे राष्ट्राध्यक्ष.

न्यायाधीश व्हायचं होतं, राष्ट्राध्यक्ष झाले

टाफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात झाला. घर वकिलांचं आणि वजनदार. वडील अल्फान्सो टाफ्ट हे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या मंत्रिमंडळात होते. पोरगा अंगानं पहिल्यापासून दणकट, पण अभ्यासात कुठंही मागं नव्हता. १८७८ मध्ये येल विद्यापीठातून तो वर्गात दुसरा येऊन बाहेर पडला. मग कायद्याचं शिक्षण, वकिली आणि तिशीच्या आतच न्यायाधीशाची खुर्ची.

१८८६ मध्ये त्यांचं लग्न हेलन हेरन यांच्याशी झालं. घरात त्यांना नेली म्हणत. नेली हुशार होत्या आणि महत्त्वाकांक्षीही. मुलगी असतानाच त्या व्हाईट हाऊस पाहून आल्या होत्या आणि पुन्हा तिथं राहायला जायचं हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. टाफ्ट यांचं स्वप्न वेगळं होतं. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा सरन्यायाधीश व्हायचं होतं. कायद्याची पुस्तकं, शांत खोली आणि विचार करायला वेळ, एवढं मिळालं की हा माणूस खूश.

पण नशीब त्यांना दुसरीकडेच घेऊन गेलं. १९०० मध्ये त्यांना फिलिपिन्सला पाठवलं गेलं आणि पुढच्या वर्षी ते तिथले पहिले मुलकी गव्हर्नर झाले. तिथं असताना राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयातली जागा देऊ केली. हातातलं काम अर्धवट सोडून येणं टाफ्ट यांना पटलं नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली. १९०४ मध्ये ते अमेरिकेचे युद्धमंत्री झाले. रूझवेल्ट यांचा सगळ्यात भरवशाचा माणूस अशी त्यांची ओळख झाली.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मात्र सतत वाढत होती. त्यांचं वजन.

लंडनच्या डॉक्टरला गेलेलं पत्र

१९०५ साल संपत आलं तेव्हा टाफ्ट यांचं वजन ३१४ पौंड होतं, म्हणजे साधारण १४२ किलो. छातीत जळजळ, अपचन आणि दिवसभर थकवा असायचा. रात्री आठ तास अंथरुणात काढूनही झोप झाल्यासारखी वाटायची नाही. या सगळ्याचं मूळ आपल्या वजनात आहे, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं.

डिसेंबर १९०५ मध्ये त्यांनी लंडनच्या एका डॉक्टरला पत्र लिहिलं. डॉक्टरांचं नाव नॅथॅनिएल यॉर्क-डेव्हिस. स्थूलपणावर आहारानं उपचार करणारे म्हणून त्यांचं नाव होतं आणि त्या विषयावरचं त्यांचं पुस्तकही लोकप्रिय होतं. डॉक्टर इंग्लंडमध्ये, रुग्ण अमेरिकेत आणि मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. सगळा इलाज टपालानं चालणार होता. आज व्हिडिओ कॉलवर डॉक्टरचा सल्ला घेणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल.

डॉक्टरांनी कडक पथ्य लिहून पाठवलं. सकाळी आठला लिंबू पिळलेलं गरम पाणी. नऊला बिनसाखरेचा चहा नाहीतर कॉफी, दोन-तीन ग्लूटेनची बिस्किटं आणि भाजलेलं बिनचरबीचं मांस, तेही तोलून. साखर बंद, चरबी जवळपास बंद. दोन जेवणांच्या मध्ये काही खायचं नाही. रोज वजन करायचं आणि आठवड्याला पत्रानं कळवायचं.

टाफ्ट यांनी हे सगळं मनापासून पाळलं. साधारण चार महिन्यांत त्यांचं वजन २५५ पौंडांवर, म्हणजे ११५ किलोंच्या आसपास आलं. चार महिन्यांत २५ किलोंहून जास्त वजन उतरलं होतं. वर्तमानपत्रांनी या गोष्टीच्या बातम्या केल्या. सतत भूक लागते एवढीच टाफ्ट यांची तक्रार होती.

पण पुढं जे झालं ते वजन कमी केलेल्या कितीतरी लोकांच्या बाबतीत होतं. पथ्य सुटलं, पत्रं विरळ झाली आणि उतरलेलं वजन व्याजासकट परत आलं. मार्च १९०९ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा ते ३५४ पौंडांचे होते. साधारण १६० किलो.

व्हाईट हाऊसमधल्या डुलक्या

टाफ्ट यांच्या सोबत सावलीसारखा वावरणारा एक लष्करी अधिकारी होता, आर्ची बट. आधी रूझवेल्ट यांच्याकडे आणि मग टाफ्ट यांच्याकडे तो सहायक होता. व्हाईट हाऊसमध्ये दिवसभर जे दिसेल ते तो आपल्या घरच्यांना पत्रातून कळवत असे. टाफ्ट यांच्या झोपेविषयी आज जे माहीत आहे, त्यातलं बरंच या पत्रांमुळं टिकलं.

या पत्रांतून आणि त्या काळच्या इतरांच्या आठवणींतून समोर येणारं चित्र ऐकायला गमतीचं आहे. टाफ्ट संगीताच्या कार्यक्रमात झोपायचे. पत्ते खेळताना झोपायचे. प्रचाराच्या वेळी उघड्या मोटारीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. प्रतिनिधीगृहाचे सभापती समोर बोलत असताना त्यांची मान छातीवर पडली होती. एका अंत्यसंस्काराला ते पहिल्या रांगेत बसले होते आणि तिथंच घोरायला लागतात की काय अशी वेळ आली. बट अशा वेळी जवळ उभं राहून मुद्दाम मोठ्यानं खोकायचे, म्हणजे साहेब दचकून जागे होतील.

नेलीबाई तर नवऱ्याला परीकथेतल्या शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येच्या नावानं चिडवायच्या. टाफ्ट स्वतःही त्यात सामील होऊन हसायचे. स्वभावच तसा दिलदार होता.

पण हसण्यावारी नेण्यासारखं यात काही नव्हतं. मे १९०९ मध्ये, म्हणजे शपथ घेऊन अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, नेलीबाईंना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची वाचा गेली. टाफ्ट कामातून वेळ काढून त्यांच्याजवळ बसायचे आणि एकेक शब्द पुन्हा बोलायला शिकवायचे. देशाचा कारभार, बायकोचं आजारपण, स्वतःचं वाढतं वजन आणि रात्रीची न होणारी झोप हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर होतं. ताण वाढला की टाफ्ट जास्त खायचे, वजन वाढायचं आणि झोप आणखी बिघडायची. त्यांचा वरचा रक्तदाब त्या काळात २१० पर्यंत गेला होता. आज एवढा आकडा दिसला तर डॉक्टर रुग्णाला घरी जाऊ देणार नाहीत.

कामं विसरली गेली, टब लक्षात राहिला

याच काळात टाफ्ट काम करत नव्हते असं अजिबात नाही. मक्तेदारी करणाऱ्या बड्या कंपन्यांवर रूझवेल्ट यांनी साडेसात वर्षांत जेवढे खटले भरले नव्हते, त्याहून जास्त टाफ्ट यांनी चार वर्षांत भरले. अमेरिकेत केंद्र सरकारचा प्राप्तिकर ज्या घटनादुरुस्तीमुळं आला, तिला त्यांनीच पाठबळ दिलं.

पण लोकांना आठवतो तो टब. टाफ्ट व्हाईट हाऊसच्या आंघोळीच्या टबात अडकले आणि त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं, ही गोष्ट आजही इंटरनेटवर फिरते. त्या घटनेचा त्या काळचा कुठलाही पुरावा नाही. खरी गोष्ट एवढीच की १९०९ मध्ये पनामाच्या दौऱ्यासाठी एका युद्धनौकेवर त्यांच्यासाठी भलामोठा टब बनवून घेतला होता आणि त्यात चार माणसं बसल्याचा फोटो छापून आला होता. चेष्टा चिकटली ती कायमची.

१९१२ ची निवडणूक आली. जिवलग मित्र रूझवेल्टच त्यांच्या विरोधात उभे राहिले. रिपब्लिकन पक्ष दुभंगला आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन जिंकले. पदावर असलेले टाफ्ट तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्यांना फक्त दोन राज्यं आणि आठ प्रतिनिधी मतं मिळाली. पराभवाचं मुख्य कारण पक्षातली फूट हेच होतं. पण भर सभेत पेंगणारा लठ्ठ माणूस ही प्रतिमा चार वर्षं विरोधकांच्या कामी आली होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्ची बट सुट्टीवरून परतत होते. ते टायटॅनिकवर होते. परत आले नाहीत. साहेबांना जागं ठेवण्यासाठी खोकणारा माणूसच गेला.

नेमकं काय होत होतं?

टाफ्ट यांचं दुखणं समजायला त्या रात्रीच्या बाजेवरचा आवाज पुन्हा ऐकावा लागेल.

माणूस झोपला की अंगातले स्नायू सैल पडतात. घशातले आणि जिभेचेही. उताणं झोपलं की जीभ मागं घसरते. मान जाड असेल, घशाभोवती चरबी असेल, टॉन्सिल्स मोठे असतील किंवा जबडा मुळातच लहान असेल, तर हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना घशाचा मऊ भाग फडफडतो. त्या फडफडण्याच्या आवाजालाच आपण घोरणं म्हणतो.

काही लोकांमध्ये गोष्ट इथंच थांबत नाही. वाट पूर्ण बंद होते. छाती आणि पोट श्वास ओढायचा प्रयत्न करत राहतात, पण हवा आत जात नाही. बाहेरच्याला वाटतं, घोरणं थांबलं, आता शांत झोप लागली. प्रत्यक्षात त्या शांततेत रक्तातला ऑक्सिजन खाली येत असतो. मेंदूला धोका कळतो आणि तो माणसाला क्षणभर जागं करतो. घशाचे स्नायू ताठ होतात, जोराचा गचका येतो आणि श्वास चालू होतो. माणसाला हे जागं होणं आठवतही नाही. पण तासाला तीस-चाळीस वेळा असं झालं, तर रात्रभर अंथरुणात पडूनही गाढ झोप मिळत नाही.

झोपेत असा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घशातली वाट बंद झाल्यामुळं होत असेल तर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. २०२२ मध्ये गायक-संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांमध्ये हेच नाव आलं होतं आणि कितीतरी लोकांनी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दर वेळी ऑक्सिजन घसरतो तेव्हा हृदयाला धावपळ करावी लागते आणि रक्तदाब उसळतो. वर्षानुवर्षं हेच चाललं तर रक्तदाब दिवसाही चढलेला राहतो. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. दिवसा पेंग येते, लक्ष लागत नाही, विसरायला होतं. गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागला तर त्याच्यासोबत इतरांचाही जीव जातो.

कादंबरीत होतं, दवाखान्यात नव्हतं

गंमत म्हणजे हा रुग्ण डॉक्टरांच्या आधी एका लेखकाला दिसला होता. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मधल्या पिकविक पेपर्स या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो सतत खातो आणि उभ्या उभ्या झोपतो. टाफ्ट यांच्या काळातल्या डॉक्टरांना हा ज्यो माहीत होता. असा लठ्ठ आणि झोपाळू रुग्ण आला की ते त्याची आठवण काढायचे. पण लठ्ठपणामुळं माणूस सुस्तावतो, एवढ्यावरच विचार थांबायचा. रात्री तो झोपल्यावर त्याच्या श्वासाचं काय होतं हे कुणी पाहिलं नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची हकीकत छापली. तो माणूस पत्ते खेळताना हातात जिंकणारी पानं असूनही झोपी गेला होता. डॉक्टरांनी त्याच्या आजाराला डिकन्सच्या कादंबरीवरून पिकविकियन सिंड्रोम असं नाव दिलं. पण खरा उलगडा झाला तो १९६५ मध्ये. फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांना रात्रभर यंत्रांना जोडून झोपवलं आणि त्यांचा श्वास झोपेत वारंवार थांबतो हे नोंदवलं.

तोपर्यंत टाफ्ट यांना जाऊन ३५ वर्षं झाली होती.

आजार कळला तरी इलाज भयंकर होता. गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवायची, म्हणजे हवा घशाला वळसा घालून थेट फुप्फुसात जाईल. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी साधा मार्ग शोधला. नाकावर मास्क लावायचा आणि एका यंत्रातून हलक्या दाबानं हवा सोडायची. त्या हवेच्या दाबानं घशाची वाट रात्रभर उघडी राहते. सुरुवातीचं यंत्र त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर बनवलं होतं. त्यालाच सीपॅप म्हणतात आणि मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियावर आजही तोच मुख्य इलाज आहे.

पद गेलं, झोप परत आली

टाफ्ट यांच्या नशिबी सीपॅप नव्हतं. पण त्यांना दुसरा एक इलाज मिळाला, आणि तो निवडणुकीतल्या पराभवामुळं मिळाला.

मार्च १९१३ मध्ये व्हाईट हाऊस सोडून ते येल विद्यापीठात कायदा शिकवायला गेले. तिथं त्यांनी पुन्हा डॉक्टर गाठला आणि पुन्हा पथ्य सुरू केलं. या वेळी राष्ट्राध्यक्षपदाचा ताण नव्हता, मेजवान्या नव्हत्या, रात्री-अपरात्रीच्या बैठकाही नव्हत्या. वर्षभरात त्यांचं वजन ३० किलोंच्या आसपास उतरलं.

आणि त्यांची पेंग गेली. जो माणूस अंत्यसंस्कारात झोपायचा, तो तास-तास उभं राहून शिकवायला लागला. वरचा रक्तदाबही ४० ते ५० अंकांनी खाली आला. आपण वजन कमी केलं एवढंच टाफ्ट यांना ठाऊक होतं. त्या वजनासोबत घशावरचा दाबही उतरला आणि रात्रीचा श्वास मोकळा झाला, हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

पहिल्या वेळेपेक्षा या वेळी एक मोठा फरक होता. वजन पुन्हा पहिल्यासारखं वाढू द्यायचं नाही हे त्यांनी ठरवलं आणि शेवटपर्यंत बऱ्यापैकी पाळलं.

जुलै १९२१ मध्ये त्यांचं जुनं स्वप्न पूर्ण झालं. वयाच्या ६३ व्या वर्षी ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही पदं भूषवणारा दुसरा माणूस अमेरिकेच्या इतिहासात नाही. वॉशिंग्टनमधल्या घरापासून न्यायालयाकडे ते चालत जायचे. त्यांच्या त्या वाटेवरच्या पुलाला पुढं त्यांचंच नाव दिलं गेलं. तुंबलेल्या खटल्यांचा निपटारा व्हावा म्हणून त्यांनी १९२५ मध्ये कायदा करून घेतला. सर्वोच्च न्यायालयाला तोपर्यंत स्वतःची इमारत नव्हती, संसदेच्या इमारतीतल्या जागेत काम चालायचं. नव्या इमारतीसाठी त्यांनी पाठपुरावा करून पैसे मंजूर करून घेतले. नऊ वर्षं त्यांनी मान मोडून काम केलं.

पण हृदयावर आधीच्या वर्षांनी जो भार टाकला होता, तो पुसला गेला नव्हता. तब्येत ढासळत गेली. फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ८ मार्च १९३० रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

२००३ मध्ये जॉन सोटोस या हृदयरोगतज्ज्ञानं टाफ्ट यांच्या काळातली पत्रं, आठवणी आणि वैद्यकीय नोंदी एकत्र केल्या. घोरणं, दिवसाची पेंग, जाड मान, वजन, रक्तदाब आणि वजन उतरताच गेलेली झोप या सगळ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की राष्ट्राध्यक्षांना तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया होता. मेलेल्या माणसाची झोपेची तपासणी करता येत नाही, त्यामुळं हे निदान नोंदींवरच उभं आहे. पण चित्र एवढं स्पष्ट होतं की शंकेला फार जागा उरली नाही.

आज घाटंजीत टाफ्ट असते तर?

टाफ्ट यांना जे मिळालं नाही, ते आज तालुक्याच्या गावातल्या माणसालाही मिळू शकतं. फक्त सुरुवात घरातून व्हावी लागते. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही आणि आपला श्वास थांबतो हेही त्याला कळत नाही. ते कळतं त्याच्या बायकोला, नवऱ्याला, शेजारच्या बाजेवर झोपलेल्या पोरांना. टाफ्ट यांच्या बाबतीतही नेलीबाई आणि बट हेच खरे साक्षीदार होते. त्यांच्याकडून कुणी माहिती घेतली नाही, एवढंच.

म्हणून डॉक्टरकडे जाताना सोबत झोपणाऱ्या माणसाला घेऊन जावं. रात्रीच्या घोरण्याचा मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवला तर आणखी चांगलं. डॉक्टर साधारण आठ गोष्टी पाहतात. जोरात घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, रक्तदाब, वजन, पन्नाशी ओलांडलीय का, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर आहे का आणि रुग्ण पुरुष आहे का. टाफ्ट यांना या आठपैकी बहुतेक प्रश्नांवर होकारच द्यावा लागला असता.

पहिला टप्पा गावातला डॉक्टर किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथून कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे जाता येतं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे दोन्ही विभाग आहेत. नक्की निदानासाठी झोपेची तपासणी करतात. रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके नोंदवतात. नागपूरसारख्या शहरात ही तपासणी होते. तासाला किती वेळा श्वास अडला यावरून तीव्रता ठरते. ५ ते १५ असेल तर सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

इलाज तीव्रतेप्रमाणं बदलतो. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू आणि डॉक्टरला न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळ्या बंद करणं हे जवळपास सगळ्यांना लागू पडतं, कारण दारू आणि काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. त्यापुढं सीपॅप आहे. खालचा जबडा पुढं धरून ठेवणारी दातांवरची पट्टी आहे. टॉन्सिल्स किंवा नाकातला अडथळा असेल तर शस्त्रक्रिया आहे. लहान मूल रोज घोरत असेल तर बहुतेक वेळा टॉन्सिल्स आणि नाकामागची वाढलेली गाठ कारण असते, तेही दाखवून घ्यावं.

दोन गैरसमज मात्र टाळायला हवेत. प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार असतो असं नाही. आणि फक्त लठ्ठ माणसालाच होतो असंही नाही. लहान जबड्याच्या सडपातळ माणसाला आणि पाळी गेल्यानंतर बायकांनाही तो होतो. बायकांचं घोरणं घरात लाजेपोटी लपवलं जातं आणि थकवा कामाच्या खाती मांडला जातो, त्यामुळं त्यांचं निदान जास्तच उशिरा होतं.

टाफ्ट यांच्या आसपासचे सगळे लोक चांगले होते. कुणी हसलं, कुणी सांभाळून घेतलं, कुणी खोकून जागं केलं. डॉक्टरला जाऊन त्या रात्रीचं वर्णन करणारा मात्र एकही निघाला नाही. अंगणातल्या बाजेवरचा भाता आज रात्री मध्येच थांबला, तर हसण्याआधी सेकंद मोजायला काही हरकत नाही.